गाण्यामागचा आवाज

"आवाज येतोय हो," एवढंच सांगून लोक अ‍ॅम्प्लिफायर माझ्या टेबलावर ठेवतात. गाणं लावलेलं नसताना, किंवा दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत स्पीकरमधून जे ऐकू येतं, त्याबद्दल ते बोलत असतात. यंत्राला हात लावण्याआधी मी म्हणतो, "तोंडानं काढून दाखवा बरं." माणसं संकोचतात, भर दुकानात चार लोकांसमोर घूं-घूं करायचं म्हणजे काय! पण एकदा काढून दाखवलं की माझं निम्मं काम झालेलं असतं. कुणी ओठ मिटून घुमवतं, कुणी दातांतून सूंऽऽ अशी हवा सोडतं, कुणी घशातून घरघर काढतं. पहिला हम, दुसरी हिस, तिसरा आमच्या धंद्यात बझ. तिघांची कारणं वेगळी, ठिकाणं वेगळी आणि इलाजही वेगळे.

पुण्यात हे दुरुस्तीचं काम करताना माझं एक मत पक्कं झालं आहे. हम आणि बझ हे परके असतात. विजेच्या लाइनमधून, ट्रान्सफॉर्मरमधून किंवा घराच्या वायरिंगमधून आत शिरलेले. त्यांना पत्ता असतो आणि पत्ता सापडला की ते जातात. हिस यंत्राच्या अंगचीच असते. ती कमी करता येते, पार घालवता येत नाही. हा फरक ठाऊक नसल्यामुळे लोक वर्षानुवर्षं हम सोसतात आणि हिसच्या मागे पैसे घालवत राहतात. व्हायला हवं ते नेमकं उलटं.

पेटी उघडण्याआधीची तपासणी साधी आहे, कुणालाही घरी करता येते. मागच्या सगळ्या लीडा काढायच्या, स्पीकर तेवढे ठेवायचे, व्हॉल्यूम शून्यावर आणायचा आणि ऐकायचं. शून्यावरही हम तेवढाच असेल तर दोष व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे, म्हणजे पॉवर अ‍ॅम्पमध्ये किंवा त्याच्या सप्लायमध्ये. व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल तर दोष मागे, प्रीअ‍ॅम्पमध्ये. सगळं शांत असेल आणि लीडा जोडल्यावरच हम सुरू होत असेल, तर अ‍ॅम्प बहुधा चांगला आहे आणि शोध घरात घ्यायचा आहे. मुळात आवाज स्पीकरमधून येतोय का, हेही बघावं लागतं. कधी कधी ट्रान्सफॉर्मर स्वतःच थरथरत असतो. चुंबकत्व पालटताना लोखंडाच्या पट्ट्या किंचित लांब-आखूड होतात, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा, आणि पट्ट्या सैल झाल्या असतील तर ते कानाला ऐकू येतं. गोल, टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर एरवी फार शांत. पण आतल्या खोलीत कुणी हेअर ड्रायर 'लो'वर लावला की एकदम गुरगुरायला लागतात. बऱ्याच साध्या ड्रायरमध्ये 'लो' म्हणजे मध्ये घातलेला एक डायोड असतो. तो विजेच्या लाटेची एकच बाजू वापरतो, त्यामुळे लाइनवर थोडा डीसी चढतो आणि टोरॉइडला तो सोसत नाही. असा अ‍ॅम्प माझ्या टेबलावर दिवसभर निर्दोष वागतो. दोष घरी राहिलेला असतो.

आता हिस. इथे निसर्गानंच रेघ ओढलेली आहे. कुठलाही रेझिस्टर, नुसता टेबलावर पडलेला, सप्लाय न जोडलेला, आपल्या दोन टोकांमध्ये अगदी बारीक, सतत बदलणारं व्होल्टेज तयार करत असतो. आतले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे अस्ताव्यस्त धावत असतात, त्याचा हा परिणाम. १९२८ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये जॉन जॉन्सननं तो मोजून प्रसिद्ध केला आणि हॅरी नायक्विस्टनं त्याचं गणित मांडलं. गणित थोडक्यात असं, की रेझिस्टर जितका मोठा, तापमान जितकं जास्त आणि ऐकायचा पट्टा जितका रुंद, तितकं हे व्होल्टेज जास्त. रेझिस्टर कुठल्या कंपनीचा, किती महाग, याला त्यात जागा नाही. कार्बनच्या रेझिस्टरमधून करंट वाहताना त्याची स्वतःची खरखर वर चढते, म्हणून जुन्या अ‍ॅम्पमध्ये सुरुवातीच्या टप्प्यातले कार्बनचे रेझिस्टर काढून मेटल फिल्मचे घालण्यात अर्थ आहे. पण त्याखालची उष्णतेची पातळी तशीच राहते.

आकडे सांगतो, म्हणजे अंदाज येईल. ४७ किलोओहमचा रेझिस्टर, खोलीचं तापमान, २० किलोहर्ट्झचा पट्टा; एवढ्यात सुमारे ४ मायक्रोव्होल्ट तयार होतात. पुढच्या सगळ्या टप्प्यांनी मिळून सिग्नल हजारपट वाढवला तर स्पीकरवर ४ मिलिव्होल्ट पोचतात. घरातल्या साधारण ८७ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरमधून हा आवाज एक मीटरवर ३० डेसिबलच्या आसपास येईल, म्हणजे रात्री रस्त्यावरची वाहनं थांबल्यावर कानाला लागेल इतपत. त्याच अ‍ॅम्पला १०० डेसिबलचे हॉर्न स्पीकर लावले की हिस १३ डेसिबलनं वर चढते. जुने मोठे हॉर्न हौसेनं विकत घेतलेले लोक "तुम्ही दुरुस्त केल्यापासून सूं वाढलं" म्हणत येतात तेव्हा मी त्यांना घरचेच जुने स्पीकर परत जोडून ऐकायला सांगतो.

आयटीत नोकरी करणारा एक तरुण माझ्याकडे आला होता. त्यानं प्रीअ‍ॅम्प स्वतः बांधला होता आणि काम फार स्वच्छ होतं. कथलाचे डाग बघून मी त्याला तसं म्हणालोही. तक्रार हिसची. आधी त्यात टीएल०७२ हा आयसी होता. कुणी तरी सांगितलं म्हणून त्यानं एनई५५३२ घातला, मग त्याहून महाग दोन-तीन प्रकार घालून पाहिले. हिस जिथल्या तिथे. मी इनपुटच्या सॉकेटमध्ये शॉर्टिंग प्लग, म्हणजे इनपुट थेट ग्राउंडला जोडणारा प्लग, घातला आणि त्याला म्हटलं, "कान ट्वीटरला लाव, मी व्हॉल्यूम फिरवतो." बटण शून्यावर असताना जवळजवळ काही नाही. फिरवत गेलो तशी हिस वाढली आणि पुढे शेवटापर्यंत नेल्यावर पुन्हा कमी झाली. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आयसीची हिस बटण फिरवून अशी चढत-उतरत नाही.

दोष होता व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये. खराबी नव्हती, निवडच मोठी होती. पॉट १०० किलोओहमचा होता. विजेच्या दृष्टीनं मध्यावर असताना पुढच्या आयसीला मागे २५ किलोओहमचा रेझिस्टर दिसतो, आणि त्या रेझिस्टरची उष्णतेची हिस सगळ्यात जास्त तिथेच असते. गंमत पुढे आहे. टीएल०७२ चा स्वतःचा व्होल्टेजचा नॉइज, दर रूट हर्ट्झला मोजलेला, १८ नॅनोव्होल्ट, एनई५५३२ चा ५. कागदावर केवढा फरक! पण ५५३२ च्या इनपुटमधून करंटचाही नॉइज बाहेर पडतो, तो २५ किलोओहमवर आदळला की १७-१८ नॅनोव्होल्ट होतो. पॉटचे स्वतःचे २० नॅनोव्होल्ट दोघांनाही सारखेच. बेरीज केली तर दोन्ही आयसींचा हिशेब २७ च्या आसपास येऊन थांबतो. त्याच्या कानाला फरक कळला नाही, कारण फरक नव्हताच. पॉट १० किलोओहमचा घातला तेव्हा हिस सुमारे १० डेसिबलनं खाली आली. पॉटची किंमत त्या महागड्या आयसींच्या मानानं काहीच नव्हती. कुठल्या भागाची हिस मोठी आहे हे शोधल्याशिवाय दुसरा भाग बदलून काहीही हाती लागत नाही, हे त्या दिवशी त्याच्याइतकं कुणाला पटलं नसेल.

फोनोच्या बाबतीत एक गैरसमज नेहमी भेटतो. रेकॉर्ड प्लेअर न जोडता लोक निवडीचं बटण फोनोवर आणतात, आवाज वाढवतात आणि म्हणतात, बघा किती सूं आणि घूं. मोकळ्या फोनो इनपुटवर ४७ किलोओहमचा रेझिस्टर एकटा उघडा असतो. त्याची सगळी हिस आत जाते, शिवाय हवेतला हमही. प्लेअर जोडला की कार्ट्रिजची कॉइल त्याला समांतर येते आणि दोन्ही खाली बसतात. मोकळा फोनो ऐकून अ‍ॅम्पची परीक्षा करू नये.

"थंड ठेवला तर हिस जाईल का?" असंही एका आजोबांनी विचारलं होतं, आणि प्रश्न अगदी योग्य होता. पण हे व्होल्टेज निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळानुसार बदलतं. सत्तावीस अंशांवरून शून्यावर, बर्फात नेला तरी हिस पाच टक्केही कमी होत नाही. हिस अशी निसर्गाचीच असल्यामुळे मला तिच्याबद्दल तक्रार वाटत नाही. जॉन्सनच्याच बेल लॅबमध्ये कार्ल जान्स्की शॉर्टवेव्हवरच्या एका हिसच्या मागे लागला आणि १९३३ मध्ये त्यानं जाहीर केलं की ती आकाशगंगेकडून येते. रेडिओ खगोलशास्त्राची ती सुरुवात. आपल्या नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश त्याच जातीची सूं ऐकत उभ्या आहेत. तिथे गेलो तेव्हा त्या जाळीच्या थाळ्यांखाली मी बराच वेळ उभा होतो.

हमचं प्रकरण वेगळं. तिथे मी कुणाला जुळवून घ्यायला सांगत नाही.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकी क्षेत्रातून किंवा उघड्या शिल्डमधून थेट उचललेला हम ५० चा असतो. ब्रिज रेक्टिफायरनं विजेच्या लाटेच्या दोन्ही बाजू सरळ केल्या की सप्लायमधला उरलेला चढउतार १०० चा होतो. ५० चा आवाज खोल, पोटात जाणवणारा. लहान स्पीकर तो नीट वाजवतही नाहीत. १०० चा स्पष्ट घुमतो आणि त्याला सूर असतो. पेटीवर बघाल तर खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर, पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मध्ये कुठे तरी. गाणाऱ्या माणसाला हम माझ्याआधी ऐकू येतो तो यामुळे.

सदाशिव पेठेतल्या एका गाण्याच्या बाई त्यांचा अ‍ॅम्प घेऊन आल्या तेव्हा त्यांनी तोंडानं आवाज काढून दाखवला नाही. त्या म्हणाल्या, "माझ्या रेकॉर्डिंगमध्ये तानपुरा हलतो. संध्याकाळी हलतो, सकाळी नाही." तानपुरा कुठल्या पट्टीत, विचारलं. काळी चार. दुसऱ्या गवयांची रेकॉर्डिंगं, वेगळ्या पट्टीतली, ऐकताना नुसतं काही तरी मागे घुमतंय असं वाटतं, पण हलत नाही. मी वहीत आकडे मांडले. काळी चारचा खर्ज १०३.८ हर्ट्झ, हम १०० चा. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला चारेक हेलकावे येणारच. म्हणजे बाईंच्या कानानं १०० हर्ट्झचं निदान आधीच केलेलं होतं. माझ्याकडे उरला संध्याकाळचा प्रश्न.

दुकानात अ‍ॅम्प लावला, तर दिवसभर हम नाही. मल्टिमीटरनं प्रीअ‍ॅम्पचा सप्लाय मोजला: बरोबर १५ व्होल्ट. पण संध्याकाळी घराघरात गिझर, मिक्सर, एसी, टीव्ही सगळं चालू असतं आणि लाइन उतरते. म्हणून अ‍ॅम्प डिमरस्टॅटवर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, घेतला आणि २३० वरून हळूहळू खाली आणत गेलो. २२० ला काही नाही. २१० च्या जवळ आलो आणि हम सुरू झाला, अगदी कुणी बटण दाबल्यासारखा. ऑसिलोस्कोप लावून पाहिलं. १५ व्होल्टच्या सरळ रेषेला खालून दात पडले होते, सेकंदाला शंभर. मल्टिमीटर अजूनही पंधराच्या जवळचाच आकडा दाखवत होता, कारण तो सरासरी सांगतो आणि दातांची गोष्ट सरासरीत लपते. नुसता मल्टिमीटर हाताशी असेल तर त्याचं बटण एसीवर फिरवून तीच जागा मोजावी. बऱ्याचदा तेवढ्यानंही चोर सापडतो.

कारण रेग्युलेटरच्या आधीचा फिल्टर कंडेन्सर. त्यावर २२०० मायक्रोफॅरड छापलेलं होतं, मोजल्यावर तीनशेच्या आसपास भरले. पंधरा व्होल्टच्या रेग्युलेटरला पुढून निदान सतरा व्होल्ट लागतात. ब्रिज सेकंदाला शंभर वेळा कंडेन्सर भरतो आणि मधल्या वेळात प्रीअ‍ॅम्प तो रिकामा करतो. कंडेन्सर चांगला होता तेव्हा हा उतार अर्ध्या व्होल्टचाही नव्हता, वाळल्यावर तो तीन व्होल्टच्या पुढे गेला. लाइन पूर्ण असताना उताराचा तळ सतराच्या जेमतेम वर राहायचा. संध्याकाळी लाइन उतरली की सतराच्या खाली जायचा आणि रेग्युलेटरचा हात सुटायचा. हा कंडेन्सर गरम हीटसिंकला चिकटून बसवलेला होता. आतलं द्रावण उष्णतेनं वाळतं. साधारण दर दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं असा आमच्याकडे हिशेब आहे. मी १०५ अंशांचा नवा कंडेन्सर हीटसिंकपासून दूर, बोर्डाच्या दुसऱ्या कडेला लावला. बाईंनी दुकानातच काळी चारचं रेकॉर्डिंग लावायला सांगितलं आणि डोळे मिटून ऐकलं. मी तोवर डिमरस्टॅट दोनशेपर्यंत खाली आणला होता. त्यांना सांगितलं नव्हतं.

जुन्या अ‍ॅम्पमध्ये हम आला की फिल्टर कंडेन्सरवर संशय घ्यावा हे खरं, पण कंडेन्सर जितका मोठा तितकं चांगलं, ही समजूत मात्र खरी नाही. एका इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यानं बझ घालवण्यासाठी ४७०० चे काढून १०,००० मायक्रोफॅरडचे कंडेन्सर घातले आणि बझ वाढला. तो गोंधळून गेला होता. ब्रिजमधून करंट सतत वाहत नाही. लाटेच्या टोकाशी, थोडा वेळ, मोठ्या उसळीनं वाहतो. कंडेन्सर मोठा केला की ती उसळी आणखी अरुंद आणि उंच होते. सरासरी एक अँपिअर असेल तिथे टोकाला दहा अँपिअर सहज. ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप कंडेन्सरांच्या जोडबिंदूपर्यंत आणणाऱ्या तारेतून या उसळ्या जातात. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या पाच-सहा सेंटीमीटर तांब्याच्या तारेचा रोध एक मिलिओहम, म्हणजे दहा अँपिअरला दहा मिलिव्होल्ट. त्यानं सिग्नलचा ग्राउंड या तारेच्या ट्रान्सफॉर्मरकडच्या टोकाला जोडला होता, त्यामुळे ते दहा मिलिव्होल्ट गाण्यात मिसळत होते. उसळ्या टोकदार असल्यानं आवाज गोल घुमत नव्हता, घरघरत होता. अ‍ॅम्प बंद केला, कंडेन्सर रिकामे होऊ दिले, ग्राउंडची तार तिथून उचलली आणि कंडेन्सरांच्या पलीकडच्या बिंदूवर डाग दिला. चालू केल्यावर तो मला म्हणाला, "काका, स्पीकर जोडलेत ना?"

ट्रान्सफॉर्मर थोडा फिरवून बसवणं, व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये ६.३ व्होल्टच्या हीटरच्या तारांना पीळ देणं, शिल्ड वायरचा तुटलेला शिल्ड पुन्हा जोडणं, ही ५० च्या हमवरची नेहमीची कामं आहेत. रेकॉर्ड प्लेअरबरोबर येणारी ग्राउंडची बारीक तार अनेक घरांत लोंबकळत असते. ती अ‍ॅम्पच्या मागच्या स्क्रूला बांधायची असते. फोनोचा टप्पा ५० हर्ट्झला मधल्या स्वरांपेक्षा १७ डेसिबलनं जास्त वाढवतो, त्यामुळे तिथे हमला मुळीच क्षमा नाही. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरनं बझ येत असेल तर रेग्युलेटरचा नंबर बदलताना बझचा रंग बदलतो, तेवढ्यावरून ओळखावा. भारनियमनाच्या वर्षांत माझ्याकडे बझच्या तक्रारींची रांग लागली होती. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लाट देत आणि वीज गेली की सगळे अ‍ॅम्प घरघरत. त्यातल्या कितीतरी अ‍ॅम्पना मी काहीही न करता परत पाठवलं.

सर्वांत जास्त वेळ जातो तो घरातल्या वळशात, म्हणजे ग्राउंड लूपमध्ये. कोथरूडच्या एका कुटुंबानं टीव्हीचा आवाज जुन्या स्टिरिओ अ‍ॅम्पमधून घ्यायला सुरुवात केली आणि हम सुरू झाला. अ‍ॅम्पला आपल्या तीन पिनांच्या प्लगमधून अर्थ. टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सला केबलवाल्याच्या जाड वायरचा शिल्ड, आणि तो शिल्ड इमारतीत दुसरीकडे कुठे तरी अर्थ झालेला. दोघांमध्ये ऑडिओ लीड जोडली की एक मोठं बंद कडं तयार होतं: अ‍ॅम्प, घराची अर्थ वायर, इमारतीचा अर्थ, केबल, टीव्ही, ऑडिओ लीडचा शिल्ड आणि परत अ‍ॅम्प. दोन ठिकाणच्या अर्थमध्ये थोडाफार व्होल्टेजचा फरक असतोच, त्यामुळे या कड्यातून करंट फिरतो. त्यातला ऑडिओ लीडचा शिल्ड सिग्नलचाही परतीचा रस्ता असतो, म्हणून तिथे पडलेले दोन-चार मिलिव्होल्ट गाण्याबरोबर आत जातात. मी गेलो आणि सेट टॉप बॉक्सची केबल हातानं ओढून काढली. हम थांबला. एवढंच निदान.

पण मी पोचण्याआधी कुणी तरी त्यांना सोपा इलाज सांगितला होता आणि तो करूनही झाला होता: अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकायची. त्यानं हम खरोखर कमी झाला होता. घरातल्या काकूंनी मला सांगितलं की बटण फिरवताना हाताला झिणझिण्या येतात. मी अ‍ॅम्पच्या धातूच्या पेटीवरून अर्थपर्यंत मोजलं, मीटरनं ऐंशीच्या पुढे व्होल्ट दाखवले. ही ट्रान्सफॉर्मरमधून आणि फिल्टरमधून झिरपणारी बारीक गळती, अजून जीव घेण्याइतकी नाही. मी प्लग पूर्ववत केला आणि टीव्हीच्या ऑप्टिकल सॉकेटमधून लहानसा कन्व्हर्टर लावून आवाज घेतला. ऑप्टिकल केबलमधून प्रकाश जातो, धातूची तार नसते, त्यामुळे कडं तुटलं आणि अर्थ राहिला. जिथे ऑप्टिकल नाही तिथे ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा केबलच्या वायरवरचा आयसोलेटर हेच काम करतो.

जुन्या वाड्यांत तर अर्थ नसतोच. लाकडी पट्टीवरून गेलेल्या दोन तारा आणि दोन पिनांचे सॉकेट. तिथला हम ओळखायला सोपा: अ‍ॅम्पच्या धातूला हात लावला की हम बदलतो. अशा घरांत मी आधी इलेक्ट्रिशियन बोलावून कोळसा-मिठाचा अर्थिंगचा खड्डा आणि स्वतंत्र अर्थ वायर करून घ्यायला सांगतो, मगच अ‍ॅम्पला हात लावतो. काही जण नाराज होऊन दुसऱ्या दुकानात जातात.

आपल्या प्लगची अर्थ पिन इतर दोघींपेक्षा जाड आणि लांब असते, ती आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी म्हणून. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन एक दिवस फुटलं आणि २३० व्होल्ट पेटीवर आले, तर अर्थ असताना मोठा करंट जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. अर्थ नसेल तर फ्यूजला काहीच कळत नाही आणि पेटी शांतपणे जिवंत राहते, हात लावणाऱ्याची वाट बघत. गाणंही छान वाजत असतं, हमसुद्धा नसतो.

म्हणून माझ्याकडे अर्थची पिन कापलेला अ‍ॅम्प आला की हमचं काम हातात घेण्याआधी मी प्लग बदलतो आणि गिऱ्हाइकाला तसं सांगतो. तुमच्या घरी असा प्लग असेल तर आजच बदलून घ्या, मेनच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, नसेल तर तीही बसवून घ्या. हमचं नंतर बघता येईल.